कोठार दाखवणारी

१

रामवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत दाराशेजारी खिळ्यांची एक फळी होती आणि तिच्यावर दुसऱ्यांच्या घरांच्या चाव्या टांगलेल्या असायच्या. माझा नवरा हरेश पेण, नागोठणे, रोहा या पट्ट्यात जागा दाखवायचं काम करायचा. तेव्हा मी त्याला ‘अहो’ म्हणायचे; आता सांगताना एकेरीत सांगते. त्या वर्षांत मुंबईच्या लोकांना फार्महाऊसचं वेड लागलं होतं. सुट्टीच्या दिवशी गाड्या यायच्या. हरेश स्कूटरवर पुढे, गाडी मागे. मी घरी बसून ब्लाउज शिवायचे. मूल नव्हतं आणि त्याबद्दल बोलणंही आम्ही सोडून दिलं होतं. तसं बऱ्याच गोष्टींबद्दल बोलणं सोडलं होतं. तो घरी आला की मी मशीनवरून मान वर करायचे नाही, आणि त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही.

निडीजवळच्या त्या घराची चावी मात्र फळीवर कधी आलीच नाही. ती ज्युडिथ मावशींनी थेट माझ्या हातात दिली.

आमच्या भागातले ज्यू बहुतेक सगळे इस्राएलला गेले. मावशी मागे राहिलेल्या थोड्यांतल्या. नवरा सामाजी आदल्या वर्षी वारले होते, मुलगा एलियाह केव्हाच तिकडे स्थायिक झाला होता, आता याही निघाल्या होत्या. कागद होईपर्यंत ठाण्याला बहिणीकडे राहणार होत्या. घर विकायचं होतं आणि विकलं जाईपर्यंत कोणीतरी त्यात राहायला हवं होतं.

“बंद घराला वास येतो गो,” त्या मला म्हणाल्या. “चूल पेटती असली की गिऱ्हाईक थांबतं.”

घर त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचं, पण कुठे पोपडा नाही की गळती नाही. मंगलोरी कौलं, जाड भिंती, पायाला गार लागणारा लाल कोबा. अंगणाच्या एका अंगाला गोठा आणि दुसऱ्या अंगाला भाताचं कोठार. दोन्हींच्या सामाजींनी खोल्या करून घेतल्या होत्या, मुलं-नातवंडं सुट्टीत येतील म्हणून. गोठ्याच्या दोन खोल्या, न्हाणीसकट. कोठाराची एकच लांबलचक खोली, डोंगराच्या बाजूची भिंत फोडून तिला खिडकी केलेली. मागे भाताची शेतं आणि त्यापलीकडे डोंगराच्या पायथ्यापर्यंत वरकस, गवताची जमीन.

मावशींनी सगळं फिरून दाखवलं. शिडीनं माळ्यावरसुद्धा चढल्या. कोठाराच्या दाराशी आल्या आणि थांबल्या.

“हे तुम्हीच बघा. मला पायऱ्या चढवत नाहीत.”

कोठाराला दोन बुटक्या पायऱ्या होत्या.

२

दिवाळी झाल्यावर आम्ही तिथे राहायला गेलो. मी मशीन ओटीवर मांडलं. सकाळी समोर डोंगर, दुपारी लांबून दिवा-रोहा पॅसेंजरची शिटी, शेतात भात काढल्यावर पेरलेला वाल. थोड्याच दिवसांत मला ते घर कोणाला दाखवावंसं वाटेनासं झालं.

येणाऱ्या बायका भिंतींना हात लावायच्या. “इथे शोकेस करू,” म्हणायच्या. “ही चूल काढून टाकू.” मी हसून मान डोलवायचे आणि माझा जीव जळायचा. या बाईनं काय केलंय असं, की हिला हे घर मिळावं? माझ्याच हातानं मी तिला दारं उघडून देतेय!

आमची दाखवायची पद्धत ठरून गेली होती. हरेश पुरुषांना जमिनीवर न्यायचा, बांध दाखवायचा. मी बायकांना घर दाखवायचे. मग मी चहाला आत जायचे तेव्हा त्या आपल्या आपण गोठ्याच्या खोल्या आणि कोठार बघून यायच्या. दारं उघडीच असायची.

डोंबिवलीच्या एक बाई अशाच फिरून आल्या. चहाचा कप हातात घेत म्हणाल्या, “घर छान आहेच, पण कोठारात तुम्ही जे सांगितलंत ना! पलंगावर पडल्या पडल्या डोंगराआडून सूर्य कसा वर येतो ते. मी तर तिथे आडवी होऊन बघितलं.”

“मी सांगितलं?”

“मगाशी हो. तुम्ही घड्या घालत होतात की कपड्यांच्या.” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “अय्या, तेवढ्यात साडी पण बदललीत?”

मी म्हटलं, ती झाडलोट करणारी ठमाबाई असेल. त्या म्हणाल्या, “असेल.” ठमाबाई साठीची, काळीसावळी, दोन दात पडलेली. आणि त्या दिवशी ती आली नव्हती, रोह्याला लेकीकडे गेली होती. हे मला गाडी निघून गेल्यावर आठवलं.

३

संध्याकाळी हरेश खुशीत होता. जेवताना म्हणाला, “आज काय बोललीस गो तू! त्या बाईंनी नवऱ्याला सांगितलं, मालकीणबाईंनी असं वर्णन केलं की घर डोळ्यांपुढे उभं राहिलं. तो मला म्हणतो, तुमच्या मिसेसना कमिशन द्या.”

कितीतरी दिवसांत तो माझ्याकडे बघून हसला नव्हता. मी पानात बघत राहिले. ‘ती मी नव्हते’ एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, “आवडलं ना त्यांना? झालं तर.”

त्यानं मला आग्रह करून भात वाढला. मी खाल्ला. तो भात माझा नव्हता असं मला वाटत होतं, तरी खाल्ला.

४

त्यानंतर ते होतच राहिलं. कधी पनवेलचे कोणी, कधी ठाण्याचे. चहा घेताना बायका सांगायच्या, तुम्ही कोठारात हे सांगितलंत, ते सांगितलंत. खिडकी काढताना भिंतीत घुबडाचं घरटं सापडलं होतं. पावसात तिथे झोपलं की कौलांचा आवाज अंगाईसारखा येतो. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी तिथे पाऊस पाहिलाच नव्हता.

आणि सगळ्याजणी तिच्याबद्दल बोलताना मऊ व्हायच्या. मी घर दाखवताना त्या घड्याळ बघायच्या. कोठारातून येताना चेहरे उजळलेले असायचे.

मी विचार केला, गावातली कोणी बाई येत असेल. मोकळी जागा बघून दुपारी आडवी होत असेल. माणसं आली की वेळ मारून नेत असेल. मग दुसरा विचार आला, तो यायलाच हवा होता. ती हरेशसाठी येत असेल.

त्या विचारानं मला भीती नाही वाटली, बरं वाटलं. निदान त्याला नाव होतं. अशा बायका असतात, त्यांच्या झिंज्या धरून बाहेर काढता येतं.

मी दुपारची वेळ साधून कोठारात गेले. चुन्याच्या भिंती, खिडकी, पलंग, कोपऱ्यात मावशींचं रिकामं कपाट. ओटीवर ऊन भाजत होतं, आत मात्र गारवा. इतकी वर्षं भात भरलेल्या जागेला भाताचा वास यायला हवा ना? तिथे खोबरेल तेलाचा वास होता, आणि नुकत्याच उन्हातून काढलेल्या कपड्यांचा. पलंगावर दोन उशा होत्या. एक मी ठेवलेली. दुसऱ्या उशीत मधोमध खळगा होता.

मी पलंगाखाली वाकून बघितलं. कपाट उघडलं. दाराआड बघितलं. मग मी त्या खळग्यावर हात ठेवला. तो कोमट होता.

मी बाहेर आले आणि पायऱ्या उतरताना मागे बांगड्या वाजल्या. घाईनं नाही. कोणीतरी हात लांब करून उशी पुन्हा सारखी करत असावं, तशा.

५

एका दुपारी मी वांगी-बटाट्याची भाजी केली होती. पानं घेतली आणि हरेशला हाक मारली. तो कोठाराकडून हात पुसत आला.

“आता पुन्हा?”

“पुन्हा काय?”

“आत्ताच तर जेवलो की.” त्यानं ढेकर दिली. “आज वालाचं बिरडं काय झालं होतं! आयेची आठवण झाली. नारळाचा रस घातला होतास ना?”

घरात वाल नव्हते. बिरड्याला वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे, दोन दिवसांचं काम. आणि मी कधी बिरडं करतच नसे. सोलून सोलून बोटं दुखतात म्हणून टाळायचे. त्याला ते माहीत होतं.

“कुठे जेवलात?” मी विचारलं.

“कोठारात. तूच म्हणालीस, इथे गार हाय, इथेच बसा.”

मी त्याच्या बोटांचा वास घेऊन बघितला. नारळ, कोथिंबीर, फोडणीतली लसूण.

मग मी ओरडले. कोण आहे ती, कुठली, किती दिवस चाललंय. पानं फेकली. तो चिडला नाही. चिडला असता तर मी निभावून नेलं असतं. तो माझ्याकडे काकुळतीनं बघत राहिला आणि हळूच म्हणाला, “तिथे किती चांगली बोलत होतीस गो. इथे आलीस की अशी का होतेस?”

६

ठमाबाई अंगण झाडत होती. तिला मी बाजूला घेतलं.

“ठमाबाई, खरं सांग. कोठारात कोण येतं?”

“कोन येतंय? कोन नाय.”

“दुपारी?”

“दुपारी तुमी दोघं असता.” ती तोंडाला पदर लावून हसली. “म्हनून तर मी त्या अंगाला जात नाय वैनी. नवरा-बायको बोलत बसल्यात, आपन कशाला मधी? माजा म्हातारा होता तवा आमी पन असंच बसायचो.”

“मी नसते तिथे.”

“बरं, नसता.” ती अजून हसत होती.

“ठमाबाई, मी ओटीवर मशीनवर बसलेली असते. तुला मशीनचा आवाज येत नाही?”

तिचा झाडू थांबला. ती ओटीकडे बघू लागली, मग कोठाराकडे. “येतो,” ती म्हणाली. “मशीन पन चालू असते, व्हय.”  मग उरलेलं अंगण न झाडताच निघाली, आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

७

मी रोह्याला जाऊन बूथवरून ठाण्याला फोन लावला. ज्युडिथ मावशींना वाटलं गिऱ्हाईक मिळालं.

“मावशी, कोठारात कोणी राहायचं का हो?”

“सामाजी बसायचे. शेवटी शेवटी सगळा दिवस तिथेच असायचे. जेवायचेसुद्धा तिथेच.”

“तुम्ही ताट न्यायचात?”

“मी नाय गो. मी घरात वाढून हाका मारून दमायचे. ते यायचे ते पोट भरून.”

“मग तिथे वाढायचं कोण?”

 फोनमधून कोणाच्या तरी घरातला रेडिओ ऐकू येत होता.

“मी,” मावशी म्हणाल्या. “असं ते म्हणायचे. ‘आत्ता तर तूच वाढलंस, ज्युडिथ.’ जाईपर्यंत तेच म्हणत होते.”

 “आणि तुम्ही काय केलंत?”

“भांडले. मग रुसले. मग बोलायचं बंद केलं. म्हटलं, बसू देत तिच्याजवळ.” त्यांचा आवाज बदलला. “इतकी वर्षं झाली, ते माणूसही गेलं. पण नमिता, अजून माझ्या पोटात आग पडते बघ. मेलेल्या नवऱ्यावर नाय. तिच्यावर.”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“घर विको न विको, तुम्ही दोघं निघा तिथनं. आणि निघताना तू त्याचा हात धर. तो तुझा धरील म्हणून वाट बघत बसू नकोस. मी तेच केलं.”

८

मी निघाले नाही. खरं कारण सांगते, मला तिला बघायचं होतं. माझ्यापेक्षा चांगली असते म्हणजे कशी असते, ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

पुण्याहून एक डॉक्टर नवरा-बायको येणार होते. शेतजमीन घेता येते असा शेतकरी दाखला असलेले, घर घ्यायचं जवळजवळ ठरवूनच आलेले. गाडीचा आवाज आला तसा मी ओटीवर न थांबता कोठारात जाऊन पलंगावर बसले. म्हटलं, आज कोठार मी दाखवते. ती आली तर माझ्यासमोरच यावं लागेल.

दार उघडं होतं. समोर अंगण, त्यापलीकडे घर. दुपारच्या उन्हात घराचं दार काळं दिसत होतं.

“या, या, बसा. उन्हातनं आलात. पाणी देते.”

आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही म्हणतात. पण आमच्या लग्नाची कॅसेट होती, तिच्यात मी नाव घेताना ऐकू येते. तेव्हा मी लाजले होते आणि आनंदात होते. तोच आवाज होता. घरातून येत होता.

मग भांड्यांचे आवाज. पाटा-वरवंटा कुठे, माळ्यावर काय ठेवता येईल, ओटीवर सकाळी ऊन कुठवर येतं, ती सगळं सांगत होती. डॉक्टरीणबाई हसल्या. मग हरेश हसला. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून. मी तसं हसताना त्याला शेवटचं कधी ऐकलं होतं?

मला उठून धावता आलं असतं. कोणी बांधून ठेवलं नव्हतं. पण मी ऐकत बसले. ती पुढे काय बोलते, त्याला काय बोलून हसवते, ते मला समजून घ्यायचं होतं. एखाद्या बाईचा सुरेख शिवलेला ब्लाउज दिसला की मी असंच शिवणीकडे बघत राहते, माझ्या हाताला हे का जमत नाही म्हणून.

कोठाराकडे कोणी आलंच नाही.

घर शांत झाल्यावर मी अंगण ओलांडलं. स्वयंपाकघर रिकामं. चहाच्या पातेल्यात गवती चहाची पानं होती. मी कधी घालत नाही. मागच्या दारी हरेश डॉक्टरांना शेत दाखवत होता. मला बघून तो वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मघाचं हसू होतं. मग त्यानं मला नीट पाहिलं आणि ते हसू ओसरत ओसरत गेलं. मी ते संपेपर्यंत बघितलं.

डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. “आपली भेट नाही झाली. चहा फार सुरेख होता म्हणून सांगा हं तुमच्या बहिणीला.”

“बहीण?” हरेश म्हणाला. “नाय हो. ही एकटीच हाय.”

त्या माझ्याकडे बघून कसनुसं हसल्या. त्यानंतर त्या घरात आल्या नाहीत, गाडीत जाऊन बसल्या. डॉक्टरांना मात्र सगळं पसंत होतं. ते म्हणाले, व्यवहार करून टाकू.

हरेश म्हणाला, “सॉरी साहेब. कालच एकाला शब्द दिलाय.”

९

“कोणाला दिलात शब्द?” गाडी गेल्यावर मी विचारलं.

“कोणाला नाय. घर द्यायचंच नाय. परवा तूच म्हणालीस ना, हे कोणाला देऊ नका, आपण इथेच राहू?”

हे मी रोज म्हणायचे. प्रत्येक बाई भिंतीला हात लावायची तेव्हा म्हणायचे. पण मनात. तोंडानं कधी नाही, झोपेतसुद्धा नाही.

“मी नाही म्हणाले,” मी म्हटलं. “आपण उद्या रामवाडीला जाऊ. माझ्याकडे बघा. ती मी नाही. तुम्हाला कळत नाही का? वाल मी सोलत नाही. गवती चहा मी घालत नाही. तुमच्याशी असं गोड बोलून मला किती दिवस झाले?”

 तो खाली बघत पायानं माती सारत राहिला. मला वाटलं, आता विचारेल, मग ती कोण?

त्यानं ते विचारलं नाही. तेव्हा मला समजलं की त्याला कळत होतं. किती दिवसांपासून, ते माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे बांधले, मशीन तिथेच राहू दिलं. तो ओटीवर बसला होता. मावशींचं बोलणं आठवून मी वाकले आणि त्याचा हात धरला. “चला,” म्हटलं. “उठा. मी भांडणार नाही. मी बिरडं करीन.”

त्यानं हात सोडवून घेतला. झटकला नाही. गर्दीत परक्या बाईचा हात चुकून हातात आला तर माणूस जसा हळूच, तिला वाईट वाटू नये असा सोडवतो, तसा.

मी फाटकापाशी पोहोचले तेव्हा मागून त्याचा आवाज आला, “आलो गो.”

मी वळले. तो माझ्याकडे पाठ करून कोठाराच्या पायऱ्या चढत होता.

१०

मी पेणला भावाकडे आले. प्रणित भडकला, हरेशला जाऊन भेटतो म्हणाला, आणि गेलाही. आला तो गोंधळलेला. “घरी कोणी नव्हतं, पण दोघांचे कपडे वाळत होते,” एवढंच बोलला आणि माझी नजर टाळली. वहिनी, प्रतिक्षा, माझ्याशी जपून वागायला लागली. त्यांना वाटलं असेल नवऱ्यानं बाई ठेवली. मी काय सांगणार होते?

ज्युडिथ मावशी इस्राएलला गेल्या. घर विकलं गेल्याचं कानावर आलं नाही.

होळीच्या आसपास माझं जुनं गिऱ्हाईक सगुणा ब्लाउजपीस घेऊन आली. मला बघून थबकली. “अगं, तू इथे? काल रोह्याच्या बाजारात भेटलो की आपण. किती वेळ बोललो! भाऊजी कलिंगड निवडत होते.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, “एका दिवसात अशी उतरलीस कशी गं? काल केवढी टवटवीत दिसत होतीस.”

त्या आठवड्यात मी निडीला गेले.

भर दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फाटकावरची ‘जागा विकणे आहे’ ही पाटी काढलेली होती आणि फाटकाला नवा निळा रंग दिलेला. अंगणात चटईवर वाल वाळत घातले होते. हरेश सावलीत बसून त्यातले खडे वेचत होता. त्याचं अंग भरलं होतं. गाल वर आले होते. तो काहीतरी गुणगुणत होता.

कोठाराच्या उंबऱ्यात, आतल्या बाजूला, बाई बसली होती. पाठमोरी. केस पुढे घेऊन विंचरत होती. मला तिच्या पाठीवरचा ब्लाउज दिसला. बदामी रंगाचा, मागे खोल गळा. मी तो शिवलेला नव्हता. पण मापं माझी होती. पंधरा वर्षं मी बायकांच्या पाठी मोजल्यात, स्वतःची चुकायची नाही. आणि तो तिला असा बसला होता, की एक चुणी नाही.

फाटक वाजलं तसं हरेशनं वर पाहिलं. मी थांबले. त्यानं डोळ्यांवर हात धरून मला न्याहाळलं आणि उठून उभा राहिला, नवं माणूस आलं की उभा राहायचा तसा.

“घर बघायला आलात का ताई? नाय हो. आता विकायचं नाय हे.”

मी फाटक धरून उभी राहिले.

“कोण आहे हो?” कोठारातून आवाज आला.

“कोण नाय गो. घर बघायला आल्यात.”

“एकट्याच?” ती म्हणाली. फणी थांबली. “अगंबाई. एवढ्या उन्हात, एकट्याच?”

तिला माझी कीव आली होती. खरीखुरी. त्या आवाजात खोट नव्हती, टोमणा नव्हता. तिनं माझा नवरा घेतला, घर घेतलं, ते मी कदाचित गिळलं असतं. पण ती चांगली होती. मी असते त्याहून चांगली. ती उठायला लागली, उंबऱ्याला टेकलेला तिचा हात दिसला, मान वळायला लागली, गालाची कड उजेडात आली. आणि मी फाटक तसंच टाकून पळाले.

मी घाबरून पळाले असं प्रणितला सांगितलं. तसं नव्हतं. तो चेहरा आनंदी निघाला असता, तर ते मला बघवलं नसतं.

निडीच्या फलाटावर मी पॅसेंजरची वाट बघत बसले. उन्हानं रूळ लवलवत होते. मला वाटत होतं, कधीतरी तो माझ्याबरोबरही असाच होता, त्या घराच्या आधी, तिच्या आधी. मी आठवत बसले. एक दिवस सापडला. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. गागोद्याला कोणाच्या तरी लग्नाला निघालो होतो, एस.टी. वाटेत बंद पडली. आम्ही जांभळीखाली बसलो. तो जांभळं झाडून देत होता आणि कशावरून तरी आम्ही हसत सुटलो होतो, पोट धरून.

मी तो दिवस घट्ट धरून ठेवला. पुन्हा पुन्हा बघितला. झाड दिसत होतं, बंद पडलेली लाल गाडी दिसत होती, जांभळानं माखलेली त्याची बोटं दिसत होती.

आणि त्याच्या शेजारी बसून हसणारी बाईही दिसत होती. थोड्या अंतरावरून, पाठमोरी.